कारणाचा रकाना

“मानवजातीच्या प्रगतीतला सर्वांत मोठा अडथळा म्हणजे गैरहजेरी! आणि तो अडथळा येत्या बुधवारी सकाळी नऊ वाजता कायमचा दूर होत आहे!”

चिठ्ठीसरांनी हे उभं राहून वाचलं. एकतीस वर्षं शाळेत काढलेला माणूस मानवजातीविषयी बसून बोलत नाही.

“बाबा, मथळ्याला साठ अक्षरांची मर्यादा आहे,” मुलगी म्हणाली. “तुमची मानवजात अडथळा दूर व्हायच्या आधीच कापली जाईल.”

“आणि खुर्चीवरचे वाळलेले कपडे तेवढे घड्या करून ठेवा,” आतून बायको म्हणाली. “त्यांची गैरहजेरी मला चालेल.”

सरांनी मानवजात बाजूला ठेवली आणि टॉवेल उचलला.

सरांचं खरं नाव शाळेच्या दप्तरात होतं आणि तिथेच राहिलं होतं. ते पर्यवेक्षक होते. रोज सकाळी पावणेआठला कोण शिक्षक आले नाहीत ते बघायचं, त्यांचे तास कोणी घ्यायचे ते ठरवायचं आणि आठच्या घंटेआधी हातभर लांब कागदाच्या चिठ्ठ्या फाडून ज्याच्या त्याच्या हातात ठेवायच्या, हे त्यांचं काम. चिठ्ठी मिळालेला माणूस कपाळाला आठ्या घालायचा आणि वर्गावर जायचा. जगात असं दुसरं काम नसेल, जे रोज केलं तर कोणी आभार मानत नाही आणि एक दिवस चुकलं तर सगळे नाव घेतात. सरांचं मात्र एकतीस वर्षांत एकदाही चुकलं नाही, त्यामुळे त्यांचं नाव कोणी घेतलंच नाही. चिठ्ठीसर म्हणूनच ते निवृत्त झाले.

निरोपसमारंभात कुणीसं म्हणालं, “सरांचं काम म्हणजे काय, चिठ्ठ्या फाडणं! पण किती सरळ फाडायचे!” लोक हसले. सरही हसले. आणि घरी येऊन दुसऱ्याच दिवशी प्रोग्रामिंग शिकायला बसले.

दोन वर्षं बसले. लोक निवृत्त झाल्यावर बाग करतात, गुडघे करून घेतात. सरांनी ‘हजर’ केलं. ‘हजर’ला सकाळी सांगायचं की आज अमुक अमुक आलेले नाहीत, की ते पाच सेकंदांत सगळ्या रिकाम्या तासांना माणसं लावून देतं. एवढंच. जास्तीचं एक काम नाही.

इंटरनेटवर एक पान होतं. एकट्यादुकट्याने घरी बसून सॉफ्टवेअर बनवणारी माणसं रोज सकाळी नऊला तिथे आपली नवी वस्तू मांडत. सर ते पान वर्तमानपत्रासारखं वाचत. एक दिवस पाणी प्यायची आठवण करून देणारं काहीतरी येई, दुसऱ्या दिवशी पापण्या मिटायची आठवण करून देणारं, आणि तिसऱ्या दिवशी या दोघांना गप्प करणारं. पण मधूनच एखादी वस्तू अशी येई की सर खुर्चीत ताठ बसत. शेकडो फाइलींची नावं एका फटक्यात बदलणारं. विस्कटलेली पानं जोडून देणारं. ही पानं जोडणारी वस्तू दूरच्या कुठल्या शहरातल्या एका बाईने एकटीने केली होती. सरांनी तिला पत्र लिहिलं होतं : “महोदया, आपल्या उपकरणात ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’ ही बटणं फार जवळजवळ आहेत. आयुष्यातही ती तशीच असतात; पण सॉफ्टवेअरने तरी थोडं अंतर राखावं.” बाईने दुसऱ्या दिवशी बटणं लांब केली आणि तेव्हापासून दोघांचा पत्रव्यवहार जमला.

‘हजर’ बघून तिनेच सल्ला दिला होता : “सर, वस्तू झकास आहे. पण ती असं का ठरवते ते सांगत नाही. ‘कारण’ असं बटण द्या. कारण सांगणाऱ्या यंत्रावर लोक विश्वास ठेवतात. आणि मांडायच्या आधी निदान एक शाळा ती वापरते, असं खरंखरं लिहिता आलं पाहिजे. नाहीतर लोक पान उलटून पुढे जातात.”

सरांना दोन्ही पटलं. त्यांनी प्रत्येक नियमापुढे कारणाचा रकाना केला. आणि सर पडले सरकारी शिस्तीचे. कारण भरल्याशिवाय नियम नोंदलाच जाणार नाही, अशी तजवीजही केली. मग एकतीस वर्षं डोक्यात असलेले एकशे चौदा नियम, कारणांसकट, अगदी प्रामाणिकपणे भरून काढले.

राहता राहिली शाळा. मुख्याध्यापिका नव्या होत्या. सर गेले आणि त्या आल्या, यात एका सुट्टीचं अंतर. त्यांनी फोनवर सांगितलं, “सर, एका मोठ्या कंपनीचंही बघतोय आम्ही. तुमचं सोमवारी दाखवा. सगळ्या स्टाफसमोर. मला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं, हे आधीच सांगते.”

“आहे,” सर म्हणाले. “बटण आहे.”

सोमवारी सकाळी सर इस्त्रीचा शर्ट घालून निघाले तेव्हा बायकोने विचारलं, “नाही घेतलं तर?”

“तर बुधवारी तसं लिहीन. एकही शाळा वापरत नाही, म्हणून.”

“मग घेतील कसे लोक?”

“ते लोकांनी ठरवावं. खोटं लिहायचं की नाही, एवढंच मी ठरवतो,” असं म्हणून सर दाराबाहेर पडले, आणि चष्मा विसरला म्हणून परत आले.

शाळेत तापाची साथ होती. फाटकातच घंटेच्या शिपायाने त्यांना गाठलं. दोघांनी एकाच वर्षी नोकरी धरली होती, पण शिपायाचं वय शाळेच्या कागदावर दोन वर्षांनी लहान होतं.

“सर, आज सात गळालेत. तुमचं नशीब म्हणायचं की त्यांचं?”

“शाळेचं,” सर म्हणाले आणि भराभर जिना चढले.

शिक्षकांच्या खोलीत पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड पडला होता. त्याची काळी तार टेबलाखालून दाराजवळच्या खटक्यापर्यंत गेली होती. मुख्याध्यापिका पुढच्या खुर्चीत वही घेऊन बसल्या होत्या. मागे सगळे विषय बसले होते : इतिहास पेंगत, शास्त्र आणि भूगोल एकमेकांकडे पाठ करून, चित्रकला ताठ. चित्रकलेचे सर रोज पहाटे धावतात, असं ते स्वतः सांगत. खिडकीपाशी संगीताच्या बाई बसल्या होत्या.

सरांनी सात नावांवर खुणा केल्या. पाच सेकंदांत भिंतीवर सव्वीस तास आणि सव्वीस नावं उमटली. मागे कुणीतरी “अरे वा” म्हणालं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. सरांनी उगाचच चष्मा पुसला.

“इतिहासाच्या सरांना सहावा तास का नाही दिला? मोकळे आहेत ना ते?” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “कारण दाखवा.”

सरांनी बटण दाबलं. भिंतीवर हातभर अक्षरं आली : ‘जेवणानंतर झोपतात. वर्गही झोपतो.’

खोली खदखदून हसली. इतिहासाचे सर जागे झाले आणि का हसतायत ते न कळून आपणही हसले.

“बरं. शास्त्राच्या बाई आणि भूगोलाचे सर शेजारशेजारच्या वर्गांत कधीच नाहीत. का?”

‘भिंतीतून एकमेकांच्या चुका दुरुस्त करतात.’

“मी नाही करत, त्या करतात!” भूगोल म्हणाला.

“चुकाच तितक्या असतात,” शास्त्र म्हणालं.

पुन्हा हशा झाला. मुख्याध्यापिकाही गालात हसल्या, वहीत काहीतरी लिहिलं. सरांना वाटलं, लागलं आपलं गाडं मार्गाला.

“चित्रकलेच्या सरांना तिसरा मजला एकदाही नाही. ते तर सगळ्यांत तंदुरुस्त.”

सरांचं बोट बटणावर गेलं आणि मग त्यांना आठवलं. पण बोट आधी पोहोचलं.

‘गुडघे गेलेत. कोणाला कळू देत नाहीत.’

या खेपेला कोणी हसलं नाही. चित्रकलेच्या सरांनी टेबलावरचा खडू उचलला, बघितला, परत ठेवला. पन्नाशीतला माणूस खडूच्या आड लपू बघत होता आणि खडू पुरत नव्हता.

एकतीस वर्षांत हे नियम त्यांनी कागदावर एकदाही लिहिले नव्हते. का लिहिले नव्हते, हे त्यांना आत्ता, भिंतीकडे बघताना कळलं.

“आणि संगीताच्या बाई,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “सात माणसं नाहीत, सगळे दोन दोन तास जास्त घेतायत, आणि यांचा चौथा तास रोजच मोकळा दिसतो. सोमवार ते शनिवार. याला कारण पाहिजे. दाबा.”

संगीताच्या बाईंनी सरांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्या रकान्यात काय लिहिलंय ते त्यांना माहीत नव्हतं. पण काय असू शकतं, ते शाळेत दोघांनाच माहीत होतं. त्यांची आई एका शुश्रूषागृहात होती. लेकीचं नाव ती विसरली होती, चेहराही. गाणं मात्र विसरली नव्हती. चौथ्या तासाच्या वेळेला तिथली परिचारिका तिच्या कानाशी फोन धरायची, इकडून बाई वाद्यांच्या खोलीत दार लावून गायच्या, तेव्हाच आई घासासाठी तोंड उघडायची. एरवी कशानेच नाही. सहा वर्षांपूर्वी एकदा सर वाद्यं मोजायला चुकून आत शिरले होते, तेव्हा त्यांना कळलं. बाईंनी काही मागितलं नव्हतं. सरांनी काही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या चिठ्ठीवर चौथा तास येईनासा झाला.

“दाबताय ना, सर?”

“दाबतो,” सर म्हणाले. “जरा खिडकी लावून घेतो. उजेड येतोय.”

खिडकी डावीकडे होती. सर उजवीकडे गेले. टेबलाला वळसा घालताना त्यांचा पाय तारेत अडकला, आणि एकदा अडकल्यावर तो त्यांनी चांगला हिसका देऊन पुढे टाकला. खटक्यातून ठिणगी उडाली. भिंत पांढरी होती ती करडी झाली, आणि पंखाही थांबला.

“अरेरे,” सर म्हणाले. निवृत्त माणसाच्या मानाने अभिनय बरा होता.

शिपायाने फ्यूज बघितला आणि मान हलवली. मग सरांच्या कानाशी येऊन म्हणाला, “सर, तार पायात आली, का पाय तारेत गेला?”

“घंटेला किती मिनिटं आहेत?”

“अकरा.”

“मग घंटेकडे बघ.” सरांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला. “मॅडम, माफ करा. यंत्र बंद पडलं. पण मुलं वर्गात आलीत. मला अकरा मिनिटं द्या.”

आणि ते लिहायला बसले. मान वर न करता लिहिलं, पट्टीशिवाय फाडलं. नवव्या मिनिटाला सगळ्यांच्या हातात चिठ्ठ्या होत्या. मुख्याध्यापिकांच्या हातातसुद्धा एक. त्या आधी चिठ्ठीकडे आणि मग सरांकडे बघत राहिल्या.

“असं नाही चालत, सर,” त्या म्हणाल्या. “मी तुमच्या भरवशावर शाळा नाही चालवू शकत. तुम्ही निवृत्त आहात. उद्या त्या कंपनीचं लावून बघतो आम्ही.”

“बरोबर आहे तुमचं,” सर म्हणाले.

घंटा झाली. सर आधी जिन्यापाशी गेले. चित्रकलेचे सर कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

“सर, माझं चुकलं. ते लिहायला नको होतं.”

“गुडघे माझे आणि जाहिरात तुमची!” चित्रकला म्हणाली. दोन पायऱ्या गेल्यावर थांबली. “म्हणजे इतकी वर्षं मला तळमजला मिळायचा तो योगायोग नव्हता तर.”

“नव्हता.”

“मला वाटायचं, माझं नशीब चांगलं आहे,” ते म्हणाले. “तेवढं एक होतं, तेही तुम्ही नेलंत.”

संगीताच्या बाई वाद्यांच्या खोलीच्या दारात भेटल्या. सर सरळच म्हणाले, “बाई, मी तुमचंही लिहिलं होतं. सगळं.”

“किती जणांनी वाचलं?” बाईंनी विचारलं.

“एकानेही नाही. पण मी लिहिलं, तेवढं पुरे झालं. आज पुसतो.”

“दोन वर्षं मी रोज कुणाकुणाची विनवणी करून तास बदलून घेतेय, सर. प्रत्येकाला नवं कारण सांगते. एकदा दात, एकदा बँक. कारणं संपत आलीत आता.” त्यांनी चिठ्ठी उलटून पाहिली. “आज तेवढं काही सांगावं लागलं नाही.”

चौथ्या तासाला सर खालच्या व्हरांड्यातून फाटकाकडे चालले होते. वरून, बंद दारामागून, हलका आवाज येत होता. दोनच ओळी, पुन्हा पुन्हा. मध्ये घासाएवढं थांबून पुन्हा पुढची. सर तिथे उभे राहिले नाहीत. पावलं मात्र त्यांनी हळू टाकली.

घरी येऊन त्यांनी शर्टसुद्धा न बदलता रकाना काढायला घेतला. हे काम त्यांना वाटलं तितकं सोपं नव्हतं. रकाना त्यांनी पायाच्या दगडासारखा बसवला होता. तो उपटला की वरचं घर हलायचं. पहिल्या खेपेला सोमवार नाहीसा झाला. सोमवार परत आणला तर गुरुवार दोनदा आला. मंगळवारी दुपारपर्यंत आठवडा सात दिवसांचा झाला, पण त्यात इतिहासाचे सर एकाच वेळी चार वर्गांत झोपत होते.

“बाबा, एवढं कशाला?” मुलगी म्हणाली. ती एका मोठ्या कंपनीत हेच काम करायची आणि तिथे एक बटण हलवायला तीन बैठका लागायच्या. “बटण नुसतं लपवा ना. आत राहू दे रकाना. कोणाला दिसणार आहे?”

“आत आहे ते कधीतरी बाहेर येतं.”

“मग यंत्र असं का वागतं ते कळणार कसं? कारण न सांगणारं यंत्र म्हणजे हुकूमशहा झालं.”

“तेही खरंच,” सर म्हणाले आणि एका नियमापुढचं कारण पुसलं. “पण त्याला कारण माहीतच नसलं तर? नियमापुढे फक्त एक ठिपका असेल. ठिपका म्हणजे, हे कुणीतरी माणसाने ठरवलंय. कुणी ठरवलं त्याचं नाव दिसेल. विचारायचं तर त्या माणसाला जाऊन विचारा. त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल.”

मुलगी स्क्रीनकडे बघत राहिली. मग खुर्ची ओढून शेजारी बसली. “सरका. तुमचा गुरुवार मी बघते.”

पानं जोडणाऱ्या बाईला त्यांनी पत्र टाकलं : “महोदया, आपला सल्ला उत्तम होता आणि मी तो रद्द केला आहे. दोन्ही बटणं जवळजवळच निघाली.” तिचं उत्तर आलं : “सर, यामुळे गिऱ्हाईक निम्मं होईल.” सरांनी लिहिलं : “शून्याचं निम्मं काढायला माझी हरकत नाही.”

बुधवारी नऊला ‘हजर’ त्या पानावर लागलं. त्या दिवशी एकशे तीन वस्तू आल्या होत्या. ‘हजर’ एक्याऐंशीव्या जागी होतं. वर मांजरांच्या फोटोंतून मांजर काढून टाकणारं काहीतरी होतं, खाली तेच मांजर परत घालणारं. मथळा साठ अक्षरांत बसला होता : ‘शिक्षक आले नाहीत? तास कोण घेईल ते सांगतो.’ त्याखाली दोन ओळी : ‘हे उपकरण कारण सांगत नाही, त्याला ते माहीत नसतं; माणसाने ठरवलेल्या नियमापुढे फक्त ठिपका असतो, तो कुणालाही देता येतो. सध्या एकही शाळा हे वापरत नाही.’

“वा! काय जाहिरात!” बायको म्हणाली. “याच्यापेक्षा ‘विकत घेऊ नये’ असंच लिहायचं.”

साडेअकरापर्यंत नऊ जणांना वस्तू आवडली होती. त्यातली दोन मतं घरातली होती आणि एक पानं जोडणाऱ्या बाईचं. सर उठले नाहीत. कुणीतरी विचारलं होतं, आमच्या शाळेत दोन पाळ्या असतात, जमेल का? सर त्याला उत्तर लिहीत होते, दोन कोष्टकं काढून, सविस्तर.

तेवढ्यात फोन वाजला.

“सर, मी बोलतेय,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “शाळेतून.”

“बोला, मॅडम.”

“काल त्या कंपनीचं लावलं होतं. तीन सेकंदांत झालं. तुमच्यापेक्षा दोन सेकंद लवकर.”

“चांगलं आहे.”

“चित्रकलेच्या सरांना त्याने चार वेळा तिसऱ्या मजल्यावर चढवलं. संगीताच्या बाईंना चौथ्या तासाला सातवीत पाठवलं. त्या गेल्या. एक अक्षर बोलल्या नाहीत. मी दाराच्या काचेतून बघितलं, पूर्ण तास त्यांची नजर घड्याळावर होती.” मुख्याध्यापिका थांबल्या. “मी यंत्राला कारण विचारलं. त्याने लगेच दिलं. म्हणे, ‘मोकळ्या होत्या.’”

सरांनी समोरची कोष्टकं बाजूला सारली.

“मग तुमच्या सोमवारच्या चिठ्ठ्या गोळा करून समोर मांडल्या. बाईंना मी काही विचारलं नाही, सर. विचारणारही नाही. मघाशी तुम्ही सांगितलेलं ते पान बघितलं. त्यावर जे शेवटचं वाक्य आहे ना, एकही शाळा वापरत नाही म्हणून... ते बदला. एक शाळा वापरते असं लिहा. उद्यापासून खरं होईल.”

सर उभे राहिले. बायको आणि मुलगी दारात येऊन थांबल्या होत्या; त्यांना उभ्या राहिलेल्या सरांकडे बघूनच काय ते कळलं.

“उद्यापासून खरं, तर उद्या लिहितो,” सर म्हणाले. “मॅडम, आभारी आहे. आणखी काही हवं असलं तर सांगा.”

मग मुख्याध्यापिकांनी आवाज बराच खाली आणला, जणू कुणी दाराशी उभं असावं.

“तो ठिपका म्हणे कुणालाही देता येतो. मला एक मिळेल का?”

“मिळेल की. आणि मॅडम, मला कारण सांगायची काही...”

“आठवी क मध्ये तेवढं मला पाठवू नका. तिथे एक मुलगी माझी नक्कल करते. फार हुबेहूब करते हो.”